बाराशे तिरके स्क्रू

लक्ष्मीपुरीत आमचं हार्डवेअरचं दुकान. वडिलांनी, नागाप्पांनी, गडहिंग्लजहून येऊन मांडलं आणि मी, शशिधर, वीस वर्षं चालवतोय. एवढी वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली की माणूस खिळा कसा मागतो यावरून त्याचा स्वभाव कळायला लागतो. 'जरा चांगल्यातले दाखवा' म्हणणारा हटकून हलक्यातले नेतो. 'नेहमीचेच द्या' म्हणणारा पहिल्यांदाच आलेला असतो. हातात नमुना घेऊन येणाऱ्याच्या घरात आधीच काहीतरी मोडलेलं असतं. पण वस्तूचं नाव न काढता आधी काम सांगणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच. अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत दानेश्वरीबाई आल्या त्या अशा.

"अण्णा, अनवाणी पोरी रोज दोन तास ज्याच्यावर पाय आपटणार, ते लाकूड खाली कशानं धरून ठेवायचं?"

बाई मूळच्या नेसरीच्या. लग्न होऊन राजारामपुरीत आल्या आणि घराच्या मागच्या हॉलमध्ये भरतनाट्यमचा क्लास काढला. हॉलला शहाबादी फरशी होती. भरतनाट्यम म्हणजे मला बाहेरून जेवढं कळतं तेवढं असं, की पहिली दोन वर्षं पोरगी फक्त पाय आपटते. दगडावर आपटून आपटून पोरींच्या टाचा दुखायला लागल्या. सोळाच्या नऊ झाल्या. त्या नवातल्या पाच जणी शिवाजी पेठेतल्या, आणि त्या पाचांचे पाय हंबीररावांच्या शब्दावर चालत.

हंबीरराव म्हणजे जुना पैलवान, आता म्हशींचा गोठा आणि दुधाचा रतीब. त्यांची क्रांती अकरा वर्षांची, बाईंची सगळ्यात चलाख शिष्या. ती लंगडत घरी गेली तसे हे क्लासच्या दारात उभे राहिले.

"बाई, आमच्या तालमीत आम्ही आठ-आठ दिसाला माती खणतोय. त्यात ताक घालतोय, त्याल घालतोय. माणूस आपटायचा म्हंजे खालची जमीन मऊ पायजे, हे आडाणी पैलवानाला कळतंय. तुम्ही शिकलेल्या बाई, आन् पोरीस्नी दगडावर आपटताय व्हय?"

बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मला वाटलं रागाने सांगतायत. तर नाही. म्हणाल्या, "अण्णा, सगळ्या डॉक्टरांपेक्षा तेच बरोबर बोलले. दगड पाय परत फेकतो. लाकूड निम्मं पोटात घेतं."

म्हणून लाकडाची जमीन. दगडाच्या फरशीवर फुटाफुटावर आडव्या जाड रिपा, त्यांच्यावर सागाच्या चार इंची फळ्या. फळीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. खाली पोकळी, म्हणजे आपटलेला पाय जरा झेलला जातो. हे सगळं ठरलेलं होतं. अडलं होतं ते फळ्या रिपांना धरणाऱ्या वस्तूवर. कारण हंबीररावांनी मुदत घातली होती: अक्षयतृतीयेला येऊन बघतो. टाच दुखली किंवा पायात मोळा घुसला, तर क्रांती घरी, आणि पेठेतल्या बाकीच्या चौघीपण. खिळ्याला आमच्याकडं मोळा म्हणतात. पाच गेल्या की चार राहणार. चार पोरींचा क्लास म्हणजे शेजारणीची शिकवणी, असं बाईच म्हणाल्या.

सुतार मीच सुचवला. घरांची कामं करणाऱ्या दोघांनी 'जमिनीला लाकूड कशाला, वाळवी लागंल' म्हणून अंग काढून घेतलं होतं. गुंडू मिस्त्री शिरोली नाक्याजवळ ट्रकच्या बॉड्या बांधायचा. मूळ गाव गारगोटीकडचं. पन्नाशीचा, मनगट माझ्या पोटरीएवढं. कामाला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती आणि काम नीट ऐकून घ्यायचीही नव्हती.

"तीन इंची मोळं द्या शेट," तो दुकानात येऊन म्हणाला. "वरनं हाणतो. चार दिसांत जमीन तयार."

बाई शेजारीच उभ्या होत्या. "आणि वर आले तर?"

"वर कशानं येतील? बाई, ट्रकात धा टन ऊस भरतोय आम्ही. त्यावर चार गडी बसत्यात. रस्ता कसला आसतोय तुमास्नी म्हाईत हाय. फळी हालत न्हाय. तुमच्या पोरींची वजनं ती काय."

"ऊस एकदा भरला की गप पडून राहतो, मिस्त्री. माझ्या पोरी गप राहत नाहीत."

गुंडूने माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकं भांडत असली की दुकानदाराने कॅलेंडर बघावं, तारीख बदलत नाही तोवर.

मग मीही माझं घोडं पुढं दामटलं, ते लपवत नाही. एका बंगल्याचं काम रद्द झालं होतं आणि पितळी स्क्रूंचे सहा डबे तीन वर्षं माझ्या मांडणीवर पडून होते. मी म्हणालो, "बाई, पितळी घ्या. गंज नाही, काळा डाग नाही. आणि दिसायला कसं, देवघरासारखं."

गुंडूने डब्यातला एक उचलला, पिशवीतून सागाचा तुकडा काढला आणि डिसमिसने पिळायला लागला. शेवटच्या पिळाला स्क्रूची मान कट् करून तुटली. डोकं त्याने माझ्या काउंटरवर ठेवलं.

"शेट, ह्ये देवघरालाच ठेवा."

त्या दिवशी तो एवढं एकच बरोबर बोलला आणि तेही माझ्या जिवावर.

बाई मात्र दोघांनाही बधल्या नाहीत. म्हणाल्या, "आपण वाद कशाला घालायचा? तीन तुकडे करा. तीन तऱ्हांनी बसवा. पोरी नाचतील, पाय सांगतील."

दुकानामागच्या गोडाऊनमध्ये तीन फुटी तीन चौकोन तयार झाले. पहिल्यात गुंडूचे मोळे वरून ठोकलेले. दुसऱ्यात लोखंडी स्क्रू वरून पिळून, डोकं आत बुडवून, वर सागाची गोल टिकली चिकटवलेली. तिसरी तऱ्हा बाईंनी चेन्नईच्या कुठल्याशा सभागृहात पाहिलेली: स्क्रू फळीच्या जिभेतून तिरका खाली जातो आणि पुढची फळी बसली की तिच्या खाचेखाली झाकला जातो. वरून बघणाऱ्याला नुसतं लाकूड.

तो तिसरा चौकोन करताना गुंडूने स्क्रू जिभेवर टेकवला आणि हातोडी उचलली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"स्क्रू बसीवतोय."

"मग हातोडी कशाला?"

"निम्मा ठोकायचा, ऱ्हायलेला फिरवायचा. सगळं कोल्हापूर आसंच करतंय बाई. शेटना इचारा."

खोटं नव्हतं. आमच्या गावातल्या निम्म्या दारांच्या बिजागऱ्या अशाच बसल्यात आणि त्या टिकल्याही आहेत, कारण दारावर कोणी नाचत नाही. स्क्रूला आटे असतात ते लाकडात एकेक पायरी कापत उतरण्यासाठी. ठोकलेला स्क्रू त्या पायऱ्या फाडत जातो. शेवटच्या दोन पिळांत घट्ट झाल्यासारखा वाटतो, आणि खाली नुसता भुसा असतो. मी हे वीस वर्षं जाणतो. गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगतो.

बाईंनी विचारलं. मी सांगितलं. गुंडूने माझ्याकडे घरभेद्याकडे बघावं तसं पाहिलं. मग ठरलं: आधी गिरमिटाने भोक, आट्यांना मेण, आणि वरपासून खालपर्यंत डिसमिस. हातोडी स्क्रूला लावायची नाही. गुंडूने मान हलवली आणि दोन दिवसांत तिरक्या स्क्रूवर असा हात बसवला की मीच बघत राहिलो. माणूस हट्टी असला तरी हात हट्टी नव्हते.

आठ दिवस पोरी गोडाऊनमध्ये येऊन नाचल्या. सिमेंटच्या पोत्यांशेजारी 'तै या तै' चाललेलं, लक्ष्मीपुरीतले हमाल दारात उभे. तिसऱ्या दिवशी पहिल्या चौकोनातला एक मोळा रुपयाच्या जाडीएवढा वर आला. पाचव्या दिवशी आणखी तीन. दुसरा चौकोन टिकला, पण क्रांती म्हणाली, "बाई, टिकली पायाला कळतीया." तिसऱ्यावर ती पाऊण तास नाचली आणि काहीच बोलली नाही. बाई म्हणाल्या, "आयतु." म्हणजे कानडीत झालं, ठरलं.

गुंडू वर आलेल्या मोळ्यांकडे बराच वेळ बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "ट्रकात आसं हुईत न्हाय."

"ट्रकाला घुंगरू बांधून बघा," मी म्हणालो.

हॉल चोवीस फूट लांब, सोळा फूट रुंद. चार इंची फळीच्या अठ्ठेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीला पंचवीस रिपा, म्हणजे बाराशे स्क्रू. आठ नंबरी, दोन इंची, लोखंडी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झालं. गुंडू एकटाच करायचा. दुसऱ्याच्या हाताचा त्याला भरवसा नव्हता. दिवसाला सात ओळी व्हायच्या. रोज संध्याकाळी शिरोलीला जाताना तो दुकानात यायचा आणि तोंड गेलेले स्क्रू परत करायचा. पिळता पिळता डिसमिस घसरतं आणि डोक्यावरची खाच झिजते, ते हे स्क्रू. कधी आठ, कधी दहा. मी बदलून द्यायचो. पाच दिवसांत पस्तीस ओळी झाल्या.

सहाव्या दिवशी, चैत्री पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, तो आला तो अंघोळ करून, पांढरा पटका बांधून.

"झाली जमीन."

"उरलेल्या तेरा ओळी एका दिवसात?"

"हात बसला की शेट."

"आणि खराब स्क्रू?"

"चारच."

मला शाबासकी द्यावीशी वाटली आणि मी दिलीही. माणसं ओळखण्याचा मला एवढा गर्व. समोर आकडा उभा होता आणि मी त्याला चहा पाजला. तो घाईत होता. त्याच्या गावची सासनकाठी जोतिबाला निघाली होती आणि ती पेलायचा मान यंदा पहिल्यांदा त्याच्याकडं आला होता. तीस-पस्तीस हात उंच काठी, वर निशाण, चारी बाजूंनी दोर धरलेले, आणि मधला माणूस ती खांद्यावर-मनगटावर तोलून नाचवतो. कप रिकामा करून तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा फोन. "अण्णा, जरा याल का? एकटेच या."

मी गेलो. हॉल असा दिसत होता की चपला नुसत्या दाराबाहेर नाही, रस्त्यावर काढाव्यात. सागाचा वास, खिडकीतून आलेलं ऊन ओळीओळीने पुढे सरकत गेलेलं. मी म्हणालो, "बाई, दृष्ट काढा."

"ऐका," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला आणि दाराकडच्या भिंतीपासून सुरुवात केली. प्रत्येक ओळीत तीन-चार ठिकाणी पाय आपटत पुढे. ठप्. ठप्. ठप्. भरीव, बंद आवाज, भरलेल्या कणगीवर हात मारावा तसा. मी दारात उभा राहून मनातल्या मनात ओळी मोजत होतो, सवयीने. चाळिसाव्या ओळीवर त्या आल्या आणि आवाजाला शेपूट फुटलं. ठप्प-ट. अगदी बारीक. मला तो नुसता कळला, त्यांना टोचला. एक्केचाळीस, बेचाळीस, तशीच. शेवटच्या दोन ओळींवर पुन्हा भरीव.

"आज एवढंच आहे," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस पोरी नाचल्या की फळी उचलायला लागेल. मग कड वर येईल. मग कुणाचा तरी अंगठा."

तेव्हा माझ्या डोक्यात एक आकडा पुन्हा उभा राहिला. तेरा ओळी, खराब स्क्रू चार. हातोडीने ठोकलेल्या स्क्रूचं तोंड झिजत नाही. झिजायला ते फिरावं लागतं.

मी बाईंना तसं सांगितलं. माझ्या दुकानात काल संध्याकाळी हे मला कळायला हवं होतं, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला चहा पाजायची घाई असते." एवढ्यावर सोडलं.

गुंडू तिसऱ्या दिवशी उगवला. कानात, भुवयांत गुलाल, आवाज बसलेला, चेहऱ्यावर काठी पेलून आलेल्या माणसाचं तेज. मी त्याला सरळ राजारामपुरीत नेलं. बाईंनी तोवर खडूने फुल्या मारून ठेवल्या होत्या, चाळिसाव्या ओळीपासून शेहेचाळिसाव्यापर्यंत. एकशे चाळीस फुल्या.

"ह्ये काय रांगोळी?"

"इथले स्क्रू तुम्ही ठोकलेत, मिस्त्री."

"कोण म्हनतंय?"

"जमीन म्हणतेय."

"लाकूड नवं हाय बाई. नवं लाकूड बोलतंयच. पावसाळा गेला की गप हुतंय."

"पहिल्या एकोणचाळीस ओळीही नव्याच आहेत. त्या का नाही बोलत?"

गुंडू माझ्याकडे वळला. "शेट, कानानं कुनाला स्क्रू दिसतोय व्हय? ह्या बाई पाय आपटून सांगनार, आन् मी पन्नास बॉड्या बांधलेला माणूस ऐकून घेनार?"

"असं करू," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नाही, हात कमरेवर. "तुम्ही फळी उघडा. फुली असलेला एक स्क्रू आणि फुली नसलेला एक. फुलीवाला घट्ट निघाला तर सगळ्या वर्गासमोर तुमची माफी मागीन, आणि पुन्हा या जमिनीबद्दल अक्षर काढणार नाही. अक्षयतृतीयेला जे होईल ते माझं."

गुंडूने पटका काढून खिडकीत ठेवला. शेवटच्या दोन ओळी भिंतीलगत असल्याने तिथे तिरका हात चालत नाही. त्या वरून पिळून टिकल्या लावलेल्या होत्या. टिकल्या काढल्या, आणि स्क्रू काढताना त्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. त्या दोन ओळी त्याने इमानाने पिळल्या होत्या. जे वरून दिसणार होतं ते सगळं चोख होतं. माणसाची ही खोड मी दुकानात रोज बघतो.

मग शेहेचाळिसावी ओळ. खाच सरकली, जीभ उघडी पडली, तिरक्या स्क्रूंची डोकी रांगेने दिसायला लागली. फुलीच्या जागेवर त्याने डिसमिस लावलं. पहिल्या पिळातच स्क्रू सैल झाला. त्याने डिसमिस बाजूला ठेवून दोन बोटांत धरून उपसला. आट्यांत सागाचा भुसा अडकलेला.

गुंडूने दुसरा धरला, फुली नसलेला. तो घट्ट निघाला. डिसमिस दोनदा घसरलं. त्याने तो पुन्हा आवळला आणि बसल्या जागी मागे टेकला.

"ह्यो जेवायच्या आधीचा," तो म्हणाला. मग, "न्हाय, ह्योबी नंतरचाच. पर ह्यो पिळला हुता. मधीअधी लाज वाटली की एखादा पिळत हुतो."

"का पण मिस्त्री?" बाईंनी विचारलं.

त्याने उजवं मनगट पुढं केलं. अजून सुजलेलं होतं. "पाच दिस पिळून पिळून ह्यात कळ आलती. रातच्याला काठी हातात घ्यायची हुती. बारा वर्सं मागं उभा ऱ्हाऊन दोर धरला, तवा कुठं मधी उभा ऱ्हायलो. आख्ख्या गावासमोर काठी झुकली आसती तर? म्हनलं, मनगाट जपावं. हतं झाकलं जातंय, कोन बगतंय."

बाई त्याच्या समोर जमिनीवर बसल्या. मला वाटलं आता बरसतील. पण त्यांनी विचारलं, "झुकली का काठी?"

"न्हाय."

"किती वेळ पेललीत?"

"देवळाला एक फेरा. उतरूच दिली न्हाय कुनाला." एवढ्यातही त्याची छाती फुगली.

"चांगलं झालं. माझ्या पोरींची काठी अक्षयतृतीयेला आहे. ती झुकली तर त्यांना पुढल्या वर्षी मान नाही, क्लासच नाही. पंधरा-सोळा दिवस आहेत. मनगट बरं व्हायला किती लागतील?"

गुंडूने मनगट फिरवून बघितलं. "चार."

"पाच घ्या."

मध्येच मी बोललो. "आणि हातोडी माझ्या दुकानात ठेवून जायची."

"शेट, सुताराची हातोडी काढून घेताय?"

"काढून घेत नाही. सांभाळतोय."

पाच दिवसांनी तो हजर झाला. मनगटाला लिंबाचा पाला बांधलेला, दुकानात येऊन हातोडी माझ्यासमोर ठेवली आणि पोचपावती मागितली. मी खरंच लिहून दिली: एक हातोडी, दांडा बाभळीचा. लोक हसले, पण गुंडूने ती घडी करून टोपीत ठेवली. सातही ओळी त्याने उचलल्या. फाटलेली जुनी भोकं सोडून बोटभर अंतरावर नवीन भोकं पाडली, फुली असो नसो, सगळे पावणेदोनशे स्क्रू नव्याने पिळले. आता दिवसाला दोनच ओळी व्हायच्या. आणि रोज संध्याकाळी तो तोंड गेलेले स्क्रू आणून काउंटरवर मोजून ठेवायचा. पाच, सात, एका दिवशी अकरा. मी ते आनंदाने बदलून दिले. एवढ्या आनंदाने मी आयुष्यात खराब माल परत घेतलेला नाही.

बाईंनी मात्र नंतर पाय आपटून बघितलं नाही. मी म्हणालो, "तपासून घ्या की." त्या म्हणाल्या, "क्रांती बघेल. तिच्या बापासमोर."

अक्षयतृतीयेला सकाळी नऊला हॉल भरला. आया एका बाजूला, बाप दाराजवळ, म्हणजे कधीही निघता यावं असे. हंबीरराव आले, दार आडवं भरून उभे राहिले, मग चपला काढून आत आले. गुंडूला बघून म्हणाले, "पावणं, तुम्हीच व्हय मिस्त्री?"

"व्हय जी."

"मोळं दिसंनात कुठं."

"न्हाईतच मोळं. स्क्रू हायत. बाराशे."

"कुठं हायत?"

"आत."

"दिसत न्हाईत मग भरवसा कशावर धरायचा?"

हंबीरराव शंभर किलोंच्या वर होते. त्यांनी हॉलच्या मधोमध जाऊन शड्डू ठोकावा तसा एक पाय आपटला, मग दुसरा. खिडक्यांची तावदानं हलली. मग लोकांच्या देखत धोतर सावरून पंधरा बैठका मारल्या, उठता-बसता फळ्यांकडे कान देऊन. शेवटी तळहात जमिनीवरून फिरवला, घोड्याची पाठ बघतात तसा, आणि भिंतीला टेकून बसले. "लावा म्हनावं," एवढंच बोलले.

बाईंनी मांडीवर लाकडी ठोकळा घेतला, हातात काठी. नऊ पोरी ओळीत. क्रांती पुढे. पहिला धडा, सगळ्यात साधा, नुसता पाय. दोन लयींत झाला, तिसऱ्या लयीला पोरी पुढं सरकायला लागल्या, दारापासून समोरच्या भिंतीकडं, एका आवर्तनात चार-पाच ओळी.

मी गुंडूच्या शेजारी उभा होतो. त्याने डोळे मिटले होते. ओठ हलत होते. मला वाटलं जोतिबाचं नाव घेतोय. कान दिला तर तो ओळी मोजत होता. "तीस... पस्तीस... अडतीस..." अठरा पाय एकदम पडत होते. चाळीस आली आणि त्याचा उजवा हात आपोआप वळला, डिसमिस धरल्यासारखा.

ठप्. चाळीस. ठप्. एक्केचाळीस. आवाज भरीव, बंद, जसा दाराशी तसाच इथे. बेचाळीस, त्रेचाळीस. क्रांती भिंतीपर्यंत पोचली, वळली आणि टाच उचलून आणखी जोरात आपटत परत निघाली. तिच्या बापाने मांडीवर ताल धरला होता, चुकीचा, पण सोडत नव्हता.

बाईंनी ठोकळ्यावर शेवटचा ठोका दिला. पोरी थांबल्या. हंबीररावांनी क्रांतीला जवळ बोलावलं, तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि टाच अंगठ्याने दाबली.

"दुखतीया?"

"न्हाय."

"हतं?"

"न्हाय ओ आबा. सोडा की, लोकं बघालीत."

त्यांनी पाय सोडला. दाराकडं बघत, कोणा एकाला नाही अशा बेताने म्हणाले, "आमच्या भावाची एक हाय. आठ वर्सांची. लई दंगा करतीया. ह्या जमिनीवर चालंल."

बाई म्हणाल्या, "सोमवारपासून पाठवा." आणि पोरींकडे वळल्या. "पुन्हा. पहिल्यापासून."

गुंडूने डोळे उघडले आणि दाराबाहेरच्या ढिगात आपल्या चपला शोधायला लागला.